भिंतीला धरून चालणारा अण्णा

देवासच्या मोटारीचा क्लीनर दारातूनच म्हणाला, "बाई, तुमचे डॉक्टरसाहेब गेले." धारच्या स्वयंपाकघरात पिठाचे हात घेऊन मी तशीच उभी. रडू नंतर आलं, आधी आला राग. कुणाला न कळवता आजारी पडायचं, एकट्यानेच जायचं... माझा थोरला भाऊ जन्मभर असाच एककल्ली!

देवास संस्थान विलीन झालं, दरबारची नोकरी सुटली, तसा अण्णाने घरातच दवाखाना काढला. वहिनीचं हृदय मधूनच भलतंच धडधडायचं, ठोके चुकायचे. त्यात फेफऱ्याच्या एका रोग्याची तशीच धडधड त्याच्या फिटच्या गोळ्यांनीच थांबली. झालं! अण्णाच्या डोक्यात भुंगा शिरला. बशीत बेडकाचं हृदय, त्यावर विषाचा थेंब. ठोका बिघडला की फिटच्या औषधाचा थेंब. कधी ठोका सुधारायचा, कधी पार थांबायचा.

"मला द्या की ती गोळी," वहिनी म्हणायची.

"बेडूक मेला तर दुसरा आणीन. तू...?"

एवढं बोलून तो स्वतःच गोळ्या खाऊ लागला. त्या गोळ्यांनी त्याचा तोल जाऊ लागला. वहिनीची नाडी बघायला टेबलापासून पलंगापर्यंत भिंतीला धरून जायचा. बाजारात झोकांड्या खायचा. लोक म्हणू लागले, "डॉक्टर भिया पीने लगे!" डॉक्टरभाऊ दारू प्यायला लागले म्हणे! रोगी गळाले. मी भडकले, "अरे, सांग ना लोकांना खरं काय ते!"

"काय सांगू? बायकोचं औषध आधी चाखून बघतोय?" आणि हसला मेला!

त्याची खात्री पटेना, तो तिला गोळी देईना. एका दुपारी डाळ निवडता निवडता वहिनी गेली. सूप मांडीवरच राहिलं.

तेराव्यानंतर मी अण्णाच्या घराच्या भिंतींना चुना मारून घेतला. अण्णाच्या गोळ्या चालूच होत्या.

"आता कुणासाठी रे?"

"प्रयोग अर्धा राहिलाय, कुसुम."

माझ्याकडे धारला चल म्हटलं, तर नाही म्हणाला. रिकाम्या घरात एवढी वर्षं एकटा कसा राहिला, देव जाणे.

परवा त्याचं घर आवरायला गेले. टेबलापासून वहिनीच्या पलंगापर्यंत भिंतीवर त्याच्या तळव्याचा काळपट, तेलकट पट्टा. मी बघतच राहिले. जुने डाग तर मीच चुन्याखाली घालवले होते. हा सगळा नंतरचा... पलंग रिकामा झाल्यानंतरचा.

चुनेवाला कुंचला घेऊन उभा होता. "बाईजी, ये भी पोत दूँ?"

"नको रे भिया," म्हटलं, "तेवढी भिंत राहू दे."