बोअरच्या पाण्यातली गाठ

डबीचं झाकण काढलं आणि डोळ्यांना झोंबलं नाही. तिथंच मी ओळखलं, घोळ झालाय.

पिरंगुटच्या लॅबमध्ये आलेल्या डब्या उघडून बघायचं काम माझं. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये येते. मांस सडू न देणारं औषध ते, नाक जाळतं. ही गाठ साध्या पाण्यात होती.

आणणारा सोपान, घोटावड्याचा, माझ्या भावकीतला. गाठ त्याच्या बायकोच्या, शकूच्या छातीतली, कॅन्सरची.

"औषध कुटं गेलं रं यातलं?"

"वतलं. लई घाण वास मारत हुतं. बोअरचं पाणी भरलं, सोच्छ."

"आन् इतका उशीर?"

"अवस आली मधी. अवसंला असली वस्तू घिऊन कोण उंबरा वलांडतंय?"

डबी मॅडमकडे नेली. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट. तरीही त्यांनी टेस्ट लावली.

टेस्ट अशी. काही कॅन्सरच्या पेशींवर एक प्रोटीन फार जास्त असतं. ते पेशीला सारखं वाढ, वाढ म्हणत राहतं. मग गाठ सुसाट सुटते. पण त्याच प्रोटीनला धरणारं इंजेक्शन आहे. म्हणून गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन रंग लावतात. प्रोटीन जास्त असलं की पेशीभोवती तपकिरी कडं उठतं. नसेल तर ते इंजेक्शन देऊन उपयोग नाही.

शकूच्या काचेवर काही उठलं नाही. सुसाट सुटणारा कॅन्सर नाही, असं समजून सोपान खूश.

"न्हाई ना? मग झालं तर."

मॅडम म्हणाल्या, "नाही असं मी म्हणतच नाहीये. तुकडा सडलाय, त्यात प्रोटीन असलं तरी दिसणार नाही. काखेत अजून एक गाठ लागतेय. तिथून सुईनं नवा तुकडा घ्या."

"पुन्यांदा हत्यार? हत्यार लागलं की कॅन्सर उधळतोय."

आठवडाभरानं मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर पाहुणे बसले होते.

"सोपान, गाठ तू कुजवलीस. आता सुई लावू दे."

"तात्या, लॅबात बाटल्या धुतल्या म्हंजी मानूस डाक्टर हुत न्हाई. चौथी शिकलाय तुमी."

"व्हय, चौथी. तू बारावी. पाणी कुणी भरलं?"

पाहुणे हसले. सोपानचं तोंड काळंठिक्कर पडलं.

शकू दारात उभी होती. "तात्या, सुईनं लई दुकतंय का?"

"मुंगी चावल्यागत."

"तू आत जा," सोपान म्हणाला. ती गेली.

चारचौघांत बोलायला नको होतं, असं लोक म्हणतात. म्हणू देत. खोटं काय बोललो? आजही तेच बोलेन.

पुढं तिची पाठ धरली, भूक गेली. तेव्हा तिच्या भावानं तिला नेलं आणि तुकडा काढवला. या वेळी फॉर्मालिन होतं. मॅडमनी मला काच दाखवली. कडंच कडं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. इंजेक्शन सुरू झालं, पण तोवर रोग मणक्यात आणि लिव्हरमध्ये पोचला होता. शकू गेली.

दहाव्याला, घाटावर, सोपान सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा तात्या. सुई लावली आन् गेली."

माणसांनी माना हलवल्या. मी एकटाच नाही म्हणालो. कुणी माझ्याकडं वळून बघितलं नाही.

लॅबमध्ये आता मी सगळ्यांना एकच सांगतो. रिपोर्ट नवऱ्याला समजावत बसू नका. जिची गाठ, तिला समोर बसवा आणि तिला सांगा.