तेलाच्या बैठकीतला पहिला गिलास

माझ्या धाकट्या भावामुळं एका देशाचा तेलाचा कायदा अडला, असं त्याचं म्हणणं आहे. देश इराक. भाऊ तानबा, वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरचा. तुम्हाला हसू आलं असेल तर हसा, मीही पहिल्यांदा हसले होते. मग माझं हसणं थांबलं, अन् तानबा मात्र तसाच राहिला.

तानबा चहा करणारा माणूस. लग्नाच्या आधीपासून नागपूरच्या वाटेवर जाम गावच्या चौरस्त्यावर एका हॉटेलात होता. ट्रकवाले म्हणायचे, याचा चहा प्यायला की बुटीबोरीपर्यंत डोळा लागत नाही. त्याचा एकच नियम होता. टेबलावर चार माणसं असोत की दहा, पहिला कप वयानं सगळ्यात मोठा असेल त्याला. मालक एकदा त्याच्यावर ओरडला, "साहेब लोकाईले आधी देत जा ना बे!" तर हा म्हणाला, "साहेब रिटायर होते, म्हातारा मानूस नाई होत."

त्याच हॉटेलात कोण्या ठेकेदाराच्या माणसानं त्याचा चहा प्यायला अन् त्याला परदेशात नेलं. तेलाच्या विहिरीजवळ कामगारांचा कॅम्प होता, तिथल्या स्वयंपाकघरात काम. पोरगी रोशनी तेव्हा बारा वर्षांची. अकरा वर्षं तो तिकडं राहिला, दोन वर्षांनी एकदा घरी यायचा, खजूर आणायचा.

आता तो कायदा. मी चौथी शिकलेली. रोशनीनं समजावलं ते मी माझ्या डोक्यात असं बसवलं आहे. माझ्या सासरी दोन भावांत एक विहीर होती. मोटर कोणत्या दिवशी कोणाची, यावरून माझे सासरे अन् चुलतसासरे सात वर्षं बोलले नाहीत. तिकडं अख्ख्या देशाचं तसंच आहे. डोंगरातल्या लोकांचं सरकार वेगळं, खाली राजधानीत मोठं सरकार. तेल अन् गॅस जमिनीतून निघतो, तो विकायचा कोणी, अन् आलेल्या पैशाची वाटणी कशी, याचा एकच कायदा करायचा म्हणून ते वीस वर्षांपासून बसतात अन् उठतात.

अशीच एक बैठक तानबाच्या कॅम्पात झाली. दोन्हीकडचे मोठे लोक विहिरी पाहायला आले होते, ते पाहुणेघरात बोलायला बसले. लांब टेबल, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. चहाचीही रीत ठरलेली होती. दोन दारांतून दोन माणसांनी दोन ट्रे घेऊन एकाच वेळी आत जायचं, म्हणजे कोणी पहिला नाही अन् कोणी दुसरा नाही. त्या दिवशी दुसरा माणूस, नेपाळचा होता बिचारा, तापानं फणफणला. तानबा एकटाच आत गेला.

सुरुवात कोणापासून करायची, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं जाममध्ये पाहायचा तसं पाहिलं. टेबलावर सगळे पन्नाशी-साठीचे, कोटवाले. पण मागं भिंतीजवळ खाली एक म्हातारा बसला होता. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, ढगळ विजार, कमरेला लांब कापड. त्याच्याच जमिनीत तिथली पहिली विहीर खणली होती, म्हणून त्याला दाखवायला आणून बसवलं होतं. तानबा टेबलाला वळसा घालून गेला अन् पहिला गिलास त्याला दिला. म्हाताऱ्यानं तो तळहातावर घेतला.

तानबा सांगतो, खोलीतली हवाच गेली. कोटवाल्यांपैकी एकानं कागद मिटले. तो कोणत्या बाजूचा, ते तानबाला आजही माहीत नाही, दोन्ही बाजू कोटातच होत्या. तो उठला, मग त्याच्यासोबतचे उठले, मग समोरचे उठले. दहा मिनिटांत सगळ्या गाड्या धूळ उडवत गेल्या. टेबलावर चहाचा ट्रे तसाच टाकून तानबाही पळाला. भिंतीजवळ म्हातारा तसाच, गिलास हातात, एक घोटही न घेता.

कॅम्पचा मॅनेजर तानबाला म्हणाला, "तूने तो पूरे मुल्क का काम बिठा दिया रे!" तो गमतीनं म्हणाला असेल. असली गंमत कोणाजवळ करावी, हे तरी माणसानं पाहावं ना.

महिनाभरानं तो म्हातारा मेल्याचं कानावर आलं. मार्चमध्ये तेल नेणारी मोठी नळी बंद पडली. विहिरी थांबल्या, कॅम्प रिकामा झाला, अन् तानबा एक बॅग घेऊन अल्लीपूरला परत आला. तो एकटा आला असं आम्हाला वाटलं.

पहिल्या आठवड्यात रुख्मिणीच्या, म्हणजे माझ्या भावजयीच्या ध्यानात आलं की तो घरापुढच्या छपरीत बसताना एका कोपऱ्याकडं पाठ करत नाही. मला ते कळलं तेव्हा मी म्हटलं, हे खूळ मी काढते. त्याच कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले अन् कांदे चिरायला घेतले.

तानबा हळूच म्हणाला, "बाई, उठ."

"काऊन उठू?"

"तू त्याईच्या मांडीवर बसली."

मी उठले. कांद्यांसकट उठले. त्यानंतर मी तिथं बसले नाही, अन् कोणी बसू लागलं तर माझ्याच तोंडातून निघतं, इकडं बसजो, तिकडं गार लागते.

म्हातारा काही करत नाही. बोलत नाही, भीती दाखवत नाही. नुसता भिंतीजवळ बसून असतो, गिलास हातात धरून, अन् तानबाकडं पाहतो. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी तानबाला झोप आली, म्हातारा जागाच राहिला.

रोज सकाळी तानबा पोरीला विचारायचा, "रोशनी, तो कायदा झाला का वं?" रोशनी वर्ध्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. बसची घाई असली तरी ती मोबाइलवर बातमी पाहून सांगायची. "नाई बाबा. बोलनी चालू हायेत." एकदा तिनं समजावलं की नळी कोर्टाच्या निकालामुळं बंद झाली, तुमच्या चहाचा अन् तिचा काही संबंध नाही. तानबानं ऐकून घेतलं अन् विचारलं, "कोर्टात चा कोनं देल्ला?"

गेल्या सप्टेंबरात ती मोबाइल घेऊन धावतच आली. "बाबा, नळी सुरू झाली! तेल चाललं! समझोता झाला!"

तो उभा राहिला. इतकं उजळलेलं तोंड मी त्याचं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. "कायदा झाला?"

रोशनीला खोटं बोलता येत नाही. "कायदा नाई बाबा. तात्पुरतं ठरलं हाये. कायद्याचं पुढं बोलू म्हन्तात."

तो खाली बसला. कोपऱ्याकडं पाहून हात जोडले, जसं काही म्हणाला, आजही नाही.

त्यातच रोशनीच्या लग्नाचं निघालं. मुलगा नीलेश, सेलूचा, बियाणं-खताच्या दुकानात बसतो. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. आम्ही म्हाताऱ्यांनी फक्त बैठक करायची. आमच्या घराण्यात बैठकीत पहिला चहा मुलीचा बाप स्वतःच्या हातानं देतो, मुलाकडच्या कर्त्या माणसाला. तोवर सोयरिकीचा शब्द कोणी काढत नाही.

पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा तानबा घरात नव्हता. तुरीच्या शेतात जाऊन बसला होता. नीलेशचे वडील बबनराव, ताठ माणूस, तासभर पाण्याच्या गिलासावर बसले. मग चपला घालता घालता म्हणाले, "पोरीच्या बापाले सोयरिक पटली नसन तं तोंडानं सांगावं. वावरात लपाचं काय काम?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेले, तानबाला गाठलं. तो म्हणाला, "बाई, माह्या हातचा चा गेला की बैठक मोडते. पोट्टीचं वाटोळं करू काय?"

"अन् जामले इतके वर्ष चा देल्ला, तिथून कोन उठून गेलतं?"

"तिथं त्याईले जाचंच होतं."

मी घरी परतले. पण रोशनी हार मानणारी नव्हती. संध्याकाळी ती बापासमोर येऊन बसली. "बाबा, मी पळून जानार नाई. अन् तुमच्या हातचा चहा झाल्याबिगर लगनही करनार नाई. मी बबनकाकाईले फोन केला. ते येत्या रविवारी एकदा येतो म्हन्ले. एकदाच. आता तुमी पाहा."

रविवार आला. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या. तानबानं पांढरा सदरा घातला अन् स्वतः चहा ठेवला. चहाचा वास सगळ्या घरात सुटला तेव्हा मला वाटलं, निभावलं. पाहुणे आले. बबनराव, त्यांची बायको, नीलेश, दोन मामा. गाडी चालवत आले ते लक्ष्मणराव, पंचाहत्तरीचे, पांढऱ्या मिशा, त्यांच्या सेलूतलेच कोणी. ते बाहेर गाडीतच बसले होते. रुख्मिणीला राहवलं नाही. "उन्हात काऊन बसता बाबाजी, आत या ना." ते आत आले. खुर्च्या भरल्या होत्या. ते सरळ कोपऱ्यात गेले अन् भिंतीला टेकून खाली बसले.

मला ओरडायचं होतं, तिकडं नको. पण तोवर ते टेकले होते.

तानबा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला अन् थांबला.

"बाई," तो माझ्या कानाशी म्हणाला, "आता दोघं हायेत."

"चाल पुढं."

"पहिला कोनाले देऊ?"

मला उत्तर माहीत होतं, अन् ते सांगायची लाजही वाटली. आयुष्यभर त्यानं जे केलं नाही, ते मी, त्याची मोठी बहीण, त्याला करायला सांगत होते. "बबनरावले दे," मी म्हटलं.

तो निघाला. त्याचे पाय दोन पावलं कोपऱ्याकडं गेले. बबनरावांचा पुढं आलेला हात अर्ध्यातच राहिला. पडद्याआडून रोशनी पाहत होती. नीलेशनं मान खाली घातली. मग तानबा वळला. अंगावर पोतं असल्यासारखा वळला, बबनरावांपुढं वाकला अन् दोन्ही हातांनी पहिला कप त्यांना दिला.

बबनरावांनी घोट घेतला. सगळे त्यांच्याकडं पाहत होते. "चा म्हनजे चा हाये हा!" ते म्हणाले. "त्या दिवशीच पाजला असता तं पेट्रोल वाचलं असतं ना आमचं!" सगळे हसले, माझ्याही छातीवरचा दगड उतरला, अन् बोलणी सुरू झाली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, माघात. हॉल हिंगणघाटचा की सेलूचा. माणसं किती. मामा म्हणाले दोनशे, रुख्मिणी म्हणाली दीडशे, मिटलं पावणेदोनशेवर. अर्ध्या तासात माझ्या नातवांच्या भाषेत सगळं ओके झालं.

तानबा त्यात नव्हता. लक्ष्मणरावांना त्यानं कप दिला होता, सगळ्यात शेवटी. त्यांनी तो तळहातावर घेतला अन् तसेच बसून राहिले. एक घोट नाही. चहावर साय धरली. तानबाची नजर तिथून हलत नव्हती.

पाहुणे निघाले. बायका अंगणात कुंकू लावत होत्या. तानबा लक्ष्मणरावांसमोर जाऊन खाली बसला. मी दारातच होते.

"बाबाजी, मले माफ करा."

"काय झालं गा?"

"वयानं तुमी मोठे. तुमाले मांगून देल्ला."

म्हातारा हसला. "अरे, मले साखरेची बिमारी हाये. मी चा पीतच नाई."

"मंग इतका वेळ हातात काऊन धरून बसले?"

"पोरीचं काम हाये बाप्पा. मी कप खाली ठेवला असता तं कोनाले वाटलं असतं, याईचं मन नाई. आता झालं ना सारं? घे हा."

त्यांनी कप तानबाच्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठले, अन् गाडीकडं गेले. गाडी सेलूच्या वाटेला लागली. रोशनी माझ्या गळ्यात पडली, रडली, हसली, मग रुख्मिणीसोबत खुर्च्या परत द्यायला गेली.

छपरीत तानबा अन् मी. कोपऱ्यात ऊन आलं होतं. तो अजून तिथंच बसलेला, भिंतीकडं तोंड करून.

"गेले का रे?" मी विचारलं.

"लक्ष्मणराव गेले."

"अन् ते?"

"हायेत," तो म्हणाला. "बाई, त्याईच्या हातचा गिलास कोनं घेतलाच नाई. सारे उठून गेले. मी बी पळालो. ते कसे उठतीन?"

माझ्या अंगावर काटा होता, तो मी पदरानं झाकला.

तानबानं लक्ष्मणरावांचा कप बाजूला ठेवला. सरकून पुढं गेला, मान वाकवली, अन् दोन्ही हात भिंतीजवळ नेले, जिथं बसलेल्या माणसाचा तळहात येईल तिथं. बोटं हळूच मिटली. मग तो उठला अन् आतल्या मोरीकडं निघाला. मी दारातून बाजूला झाले, त्याला वाट दिली. त्याच्या हातात काही नव्हतं, पण सांडू नये म्हणून तो एकेक पाऊल जपून टाकत होता.