विमानाच्या शेपटीतलं घरटं

दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. सेनगावजवळच्या एका मोठ्या जमीनदाराकडे मी मोटार चालवायचो. त्यांनी दोन माणसांचं छोटं विमान घेतलं, ते कापसाच्या रिकाम्या गोदामात ठेवलं आणि त्याची देखभालही माझ्यावरच आली. मी नि बायको गोदामाला लागूनच्या खोलीत राहत होतो.

बसायची जागा उघडी असल्यामुळे तिथून चिमण्या आत शिरत आणि पोकळ शेपटीत काड्या नेत. शेपूट वळवणाऱ्या तारा तिथूनच जात. काड्यांत तार अडकली तर काय होईल, हे मला पक्कं माहीत होतं. तरी घरटं काढायला माझा हात धजेना. बायको सात महिन्यांची पोटुशी होती, आणि अशा घरात घरटं मोडत नाहीत. तीन आठवडे मालकांनी शेपटीचं विचारलं, की मी सांगायचो, "साफ हाय."

हैदराबादला निघायच्या सकाळी मालक विमान चालवायला आत बसले. इंजिन सुरू करायला पुढचा पंखा हातानं फिरवायचा असे. मी पात्यावर हात ठेवला, पण जोर देववेना.

"काहून थांबला रे?"

"मालक, खोटं बोललो. शेपटीत चिमणीची पिलं हायेत."

"माझ्यापेक्षा चिमणी मोठी झाली व्हय?"

"घरात पोटुशी बाई हाय, मालक."

ते खाली उतरले. शेपटीचं झाकण उघडलं. गवत तारेला विळखा घालून बसलं होतं. मी हात घालणार, तेवढ्यात दारातून बायको म्हणाली, "अहो, हात नका लावू. माणसाचा हात लागला की चिमण्या लेकराला वाळीत टाकतात." तिनं भाकरीचं उलथणं दिलं, वर शिंक्यासकट एक जुनं गाडगंही.

उलथण्यावर पेलून चारही पिलं घरट्यासकट गाडग्यात आली. शिंकं शेपटीच्या वरच आढ्याला टांगलं. तारेवरची शेवटची काडी मालकांनी स्वतः वेचली. पुन्हा चिमण्या शिरू नयेत म्हणून बायकोनं बसायच्या जागेवर घालायला गोधडीच्या कापडाची खोळ शिवायला घेतली.

"आता निघायचं?" मी विचारलं.

"थांब. तिला येऊ दे," म्हणत मालक कोपऱ्यात उरलेल्या कापसाच्या एका गठ्ठ्यावर बसले.

चिमणी चोचीत अळी घेऊन आली आणि शेपटीभोवती घिरट्या घालत राहिली. बायकोची सुई थांबली. मग गाडग्यातून चिवचिव झाली, आणि चिमणी काठावर उतरून आत वाकली.

"ह्या बाईनं आपल्याला माफ केलं," मालक म्हणाले. "चल, फिरव पंखा."

घरटं नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा मालक एकदा तसेच परभणीला उडून आले होते. तेव्हाही तारांपाशी काड्या होत्या, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

त्या सकाळी मात्र विमान दाराबाहेर ढकलून मी पहिल्याच झटक्यात पंखा फिरवला. विमान पडीक रानातून धावलं, उचललं गेलं आणि कयाधू नदीच्या अंगाला अगदी सहज वळलं. मालकांनी मुद्दाम डावीकडे, मग उजवीकडे शेपूट वळवून दाखवली. मी टोपी उडवत ढेकळांतून पळत सुटलो. मागून बायको हसत ओरडत होती, "अहो, हळू, पडाल."