विलायती सुनेची नोंद

माझ्या मावशीला एकुलता एक मुलगा, आणि तो विलायतेत. तिथंच त्यानं एका गोऱ्या डॉक्टरणीशी लग्न लावलं. बातमी कळली तेव्हा मावशी गंगाखेडच्या घरात भिंतीकडं तोंड करून बसली. मग फोटो आला. सून साडीत होती, कुंकू जरा डाव्या अंगाला सरकलेलं, पण हसणं मोकळं. मावशीनं फोटो पदराखाली घातला आणि गल्लीत निघाली.

"डागदरीण हाय म्हणलं! तुमच्या सुनांसारखी निस्ती भाकरी थापणारी न्हाई."

गल्लीतल्या किती सुना मावशीवर रुसल्या, ते विचारू नका.

पुढं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मावशीचं बीपी वाढलं. गावातल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. मावशीनं ती थोडे दिवस घेतली, चक्कर आली, आणि गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. "आता देवच खाईल," म्हणाली. मला मात्र हसू येईना. माझी आई, म्हणजे तिची सख्खी बहीण, बीपी अंगावर काढता काढता लकवा होऊन अंथरुणाला खिळली होती. मावशीनं गोळी घ्यावी म्हणून मी हात जोडले, रागावलो, एकदा तर तिच्या अंगणात उपोषणाला बसलो. तिनं समोर गरम धपाटे आणि दही आणून ठेवलं, तेवढ्यावर माझं उपोषण सुटलं.

शेवटी तिनं अट घातली. "माझ्या सुनंनं लिहून दिलेली गोळी घेईन. दुसऱ्या कुणाची न्हाई."

बसस्टँडसमोर तेव्हा पिवळ्या पाटीचं टेलिफोन बूथ नवंच निघालं होतं. काचेची खोली, आत एक स्टूल, आणि बाहेर बाकावर ज्यांना कुणालाच फोन करायचा नव्हता असे मावशीच्या आठवड्याच्या फोनचे ठरलेले श्रोते. मावशी फोनवर अशी बोलायची, की तारेची गरज काय असं वाटावं. तिच्यापुढं काचेचं काही चालत नव्हतं.

मी विलायतेला फोन लावला आणि रिसीव्हर आम्हा दोघांच्या कानांच्या मधे धरला. मावसभावानं सगळं ऐकून घेतलं, बायकोला विचारलं आणि परत आला.

"आई, तिला लिहून देता येत नाही. तिची तिथं नोंद नाही."

"नोंद? म्हंजी?"

"डॉक्टर म्हणून तिची नोंद इकडं आहे, भारतात नाही. पेशंट भारतात असला तर तिनं फोनवरूनसुद्धा औषध द्यायचं नाही. कायदा आहे तसा."

बाकावरची मंडळी पुढं सरकली. मग मावशी एकदम उजळली. "आगं बाई, खरंच की! नोंद करायची ऱ्हाऊनच गेली बघ. मी करते."

दुसऱ्या दिवशी तिनं पेटीतून रेशन कार्ड काढलं आणि मला पुढं घालून तहसीलवर नेलं. आता यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडं माणूस आहे की नाही, हे रेशन कार्डच ठरवायचं. पोर कार्डावर चढलं की खरं जन्मलं, आणि मुलगी कार्डावरून उतरली की खरी सासरी गेली. नोंद म्हटल्यावर मावशीला दुसरं आठवणार तरी काय?

कारकून सज्जन होता. "मावशी, सूनबाई ऱ्हातात कुठं?"

"विलायतेत."

"मग रॉकेल न्यायला तिकडून येणार काय?"

"तिच्या वाटणीचं रॉकेल ऱ्हाऊ द्या तुमच्यापशी. निस्तं नाव घाला. तिला औषध लिहायचं हाय."

कारकुनानं पेन खाली ठेवला. "कार्डावर नाव आलं की औषध लिहिता येतं?"

"तिच्या नवऱ्यानं सांगितलं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"मावशी," तो हळू म्हणाला, "माझ्या कार्डावर आमच्या घरची सगळी माणसं हायती. एकालाबी सुई टोचता येत न्हाई."

परतताना मावशीनं कार्ड पदरात गुंडाळून घेतलं. घराच्या पायरीवर टेकली तेव्हा म्हणाली, "म्हंजी ती हितं कायमची परकीच का रे?" तेव्हा मला कळलं, की गोळी देव्हाऱ्यात अडकली नव्हती. ती इथं अडकली होती.

मी तडक डॉक्टरांकडं गेलो. ते आधीच फुगलेले. "आमच्यावर भरवसा नाही ना? मग जा म्हणावं विलायतेला."

"तिकडंच निघालोत, साहेब. तुमी बी चला. बसस्टँडपर्यंतच हाय."

डॉक्टर आले, पण इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून आले. बूथमध्ये शिरले आणि दार ओढून घेतलं. यांचा आवाज मात्र काचेबाहेर येईना, त्यामुळं आम्हाला नुसतं नाटक दिसलं. आधी छाती पुढं. मग एक हात कमरेवर. मग मान खाली, रुमाल कपाळावर. मग अचानक मोठं हसू, आणि खिशातून पेन.

बाहेर आले तेव्हा चेहरा खुलला होता. "मावशी, तुमची सून पक्की आहे. मी विचारलं, ही गोळी बदलू का? म्हणाली, पेशंटची नाडी तुमच्या हातात आहे, माझ्या हातात टेलिफोन. लिहायचं तुम्हीच. पण चक्कर कधी येते, ते एवढं खोदून विचारलं तिनं, की मीच ते विचारायचं विसरलो होतो, हे लक्षात आलं. आता बीपी पुन्हा बघतो आणि कमी ताकदीची लिहून देतो."

फोन अजून चालू होता. मावशीनं कान लावला. पलीकडून गोऱ्या सुनेचा आवाज आला, नवऱ्याकडून शिकलेल्या अस्सल गंगाखेडी बोलीत, फक्त 'ळ' जागेवर नव्हता:

"आई, गोली घ्यायलाव का?"

मावशीनं ते वाक्य बाकाला ऐकवलं तेव्हा बाक हसून हसून कलंडायचा राहिला. मावशीच्या डोळ्यांत पाणी. "घेते माय, घेते."

आणि घेतली. रोज.

पुढच्या हिवाळ्यात सून आली. सकाळी बघतो तर अंगणात अर्धी गल्ली. कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला. मावशी दारात पाट टाकून बसलेली.

"तिची हितं नोंद न्हाई. समद्यांनी डॉक्टरसाहेबांकडं जा."

"आवं, निस्तं बघू तर द्या."

"बघायला काय, लांबून बघा. औषध मिळणार न्हाई. कायदा हाय."

समोरची एक सासुरवाशीण, फोटोच्या दिवसापासून रुसलेली, पदर खोचून पुढं आली. "मग करायली काय तुमची डागदरीण आत?"

मावशीनं मागं वळून बघितलं. मग आवाज जरासा खाली आणला.

"भाकरी थापायली. त्याला नोंद लागत न्हाई."

ती बाई अशी हसली, की तिचा इतक्या दिवसांचा रुसवा तिथंच सांडला. तेवढ्यात पिठाचे हात आणि तव्याच्या आकाराशी काही संबंध नसलेली भाकरी घेऊन सून दारात आली.

"आई, गोली?"

मावशी मुकाट्यानं उठली.