रिकाम्या डब्याची तपासणी

प्रियदर्शनी गजभिये आमच्या सरकारी प्रयोगशाळेत जळालेल्या वस्तू तपासते. पुण्यात कुठेही आग लागली की बंबाच्या आधी कारण पोहोचतं. शॉर्टसर्किट. मालकाचं नोकराशी बिनसलेलं असेल, तर नोकराने लावली. एवढे जाणकार शहरात असताना सरकार तिला पगार का देतं, हा प्रश्न मलाही पडतो.

मी शेजारच्या टेबलावर बसतो. तिचं काम मुकाट्याचं. राखेवर लेसरचा झोत टाकायचा, परतणाऱ्या प्रकाशाचा आलेख पाहायचा आणि पेट्रोल, रॉकेल की नुसतंच लाकूड, ते लिहायचं. चहा मात्र तीनदा गरम करून विसरते.

मार्चमध्ये कर्वेनगरात एक फर्निचरचं दुकान जळालं. मालक अनिरुद्ध केळशीकर यांनी आदल्याच दिवशी पॉलिश करणाऱ्या चेतनला काढून टाकलं होतं. रविवारची सुट्टी मागण्याचा उद्धटपणा त्याने केला होता. तेव्हा थिनर ओतून आग त्यानेच लावली, हे केळशीकरांनी पंचनाम्याआधीच जाहीर केलं. चेतन कोठडीत गेला. आमच्याकडे राखेचे तीन डबे आले, शेजारच्या न जळालेल्या गाळ्यातली माती तुलनेसाठी एका डब्यात, आणि डबेच स्वच्छ आहेत ना, हे पाहायला एक डबा रिकामा.

राखेत थिनर सापडलं. आमचे साहेब खूश झाले. प्रियदर्शनी लवकर खूश होत नाही, ही तिची जुनी खोड. तिने माती तपासली, तिथेही थिनर. मग लेसर रिकाम्या डब्याच्या तळाशी रोखला. आलेख तोच.

तिने नमुने भरून आणणाऱ्या हवालदारांना फोन लावला. "डबे कुठले?"

"आपले संपले होते, मॅडम. केळशीकरांनी दिले. स्वच्छ धुऊन."

आरोपातही थिनर, डब्यातही थिनर. एकवचनी गृहस्थ.

नवी राख मागवली, तर केळशीकरांनी दुकान झाडून, शांती करून, फरशीसुद्धा बसवून घेतली होती. प्रियदर्शनीने नमुने निरुपयोगी असल्याचं लिहिलं. साहेब आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, तेवढाच कामाला उरक आला. चेतन सुटला.

जूनमध्ये त्याची आई, नंदाबाई, विश्रांतवाडीहून आली. पोराला कुठल्याच दुकानात कोणी उभं करत नव्हतं.

"मॅडम, त्यानं आग लावली नाही, एवढं लिहून द्या."

मशीन राखेला विचारतं आणि राख आता उरली नाही, हे प्रियदर्शनीने तिला समजावलं. मला केळशीकरांचा मनापासून राग आला.

नंदाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मग लावली का नाही, ते कोण सांगणार?"

"आता कोणीच नाही, मावशी."