बेनला विचारून

योगिनी ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. माझे यजमान गेल्यावर तिने मला बडोद्याला, समा भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणले. तिथल्याच एका मसाल्याच्या कंपनीत ती मार्केटिंगची प्रमुख आहे. घरी आम्ही दोघीच, आणि तिचा फोन. त्याला मी तिसरा माणूस धरते, कारण जेवताना तिचे अर्धे लक्ष त्याच्याकडे असते.

तिच्या ऑफिसात एक वाक्य सदा कानावर पडते: ‘बेनने पूछो.’ बेनला, म्हणजे योगिनीताईंना, विचारा. जाहिरातीचा मजकूर, स्टॉलवरचे टेबलक्लॉथ, डीलरांना द्यायच्या पिशव्यांचा बंद, सगळे बेनला विचारून. बेनचा ‘ओके’ आल्याशिवाय तिथे पान हलत नाही. योगिनीला याचा थोडा अभिमानही होता. “मावशी, मी बघितलं नाही की काहीतरी राहतंच,” असे ती उभ्या उभ्या पोळी गुंडाळून खाताना म्हणे.

एप्रिल म्हणजे वर्षाचे तिखट भरून ठेवायचे दिवस. मसालेवाल्यांची वर्षाची कमाई याच दिवसांतली. यंदाच्या एप्रिलात एका संध्याकाळी हॉटेलात डीलरांची सभा होती. हंगामाच्या ऑर्डरी तिथेच नोंदल्या जायच्या होत्या. कंपनीच्या मालकाने, शेठने, तिला आधीच सुनावले होते, की यंदा विक्रीचा आकडा पडला तर पुढच्या वर्षी तुमच्या जागी पुतण्याला बसवतो.

त्याच दिवशी दुपारी एक व्हिडिओ फिरू लागला. रावपुऱ्यातल्या एक बाई, कांचन शिर्के, बरणी पुढे धरून सांगत होत्या, “पाच किलो तिखट घेतलं, तेलाचा हात लावून भरलं, आणि बघा, याला ऑइलपेंटचा वास येतोय. हे खायचं की दाराला लावायचं?” चारपर्यंत तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही पोचला.

शेठचा फोन आला. “पहिले सभा. व्हिडिओवर एक अक्षर बोलायचं नाही. स्टेजवर तुम्ही पाहिजे.” योगिनी साडीला पिन लावत ‘हो, हो’ करत होती. तेवढ्यात तिचा साहाय्यक धवल तिला न्यायला आला. तिशीचा मुलगा, फायली छातीशी धरलेल्या.

“बेन, एक सांगू? तो वास खरा असेल.”

“म्हणजे?”

“बाजव्याच्या आपल्या गोदामात रॅकना रंग लावत होते. मी तुम्हाला विचारलं होतं, तिखटाची पोती बाहेर काढू का म्हणून.”

“कधी विचारलंस?”

“मेसेज केला होता, बेन.”

तिने फोनवर बोट वर वर सरकवले. मेसेज होता. त्याच दिवशी पिशव्यांचा बंद लाल असावा की पिवळा, यावर तिने हाताखालच्या प्राचीला चांगला लांबलचक मेसेज लिहिला होता. धवलला उत्तर नव्हते.

“मग तू काढायची ना पोती!” ती ओरडली.

“तुमच्या ओकेशिवाय?” धवल एवढेच म्हणाला.

ती खुर्चीवर बसली. पिन हातातच. मी पाणी आणले, तिने घेतले नाही. घड्याळात पाच वाजून गेले होते. सभा, गोदाम आणि रावपुरा, तिन्हीकडे तीच हवी होती.

थोड्या वेळाने तिने प्राचीला फोन लावला. “तू बाजव्याला जा. गोदामातल्या त्या लॉटचं एकही पाकीट बाहेर जाता कामा नये. कसं करायचं ते तू ठरव, मला विचारू नकोस.” मग धवलकडे वळली. “स्टेजवर तू.”

“मी? बेन, मी प्रोजेक्टर लावतो!”

“आज दुसऱ्या कोणालातरी लावू दे.”

“डीलरांनी व्हिडिओचं विचारलं तर? किती सांगू?”

तिचे तोंड उघडले. उत्तर तयार होते, मला दिसत होते. तिने ते गिळले. “तुला योग्य वाटेल तेवढं.”

“खरंच?”

“जा रे बाबा आता, नाहीतर मी परत बदलेन.”

तो गेला. “आणि तू?” मी विचारले.

“त्या बाईंकडे. माफी मागायला दुसऱ्याला कसं पाठवू? मावशी, तुम्ही चला. हा फोन तुमच्या पर्समध्ये ठेवा, मी मागितला तरी देऊ नका.”

रावपुऱ्यापर्यंत पर्स मांडीवर थरथरत होती. योगिनी खिडकीबाहेर बघत अंगठ्याने अंगठी फिरवत बसली. दोनदा तिने हात पुढे केला. मी पर्सवर हात ठेवला.

कांचनबाईंनी दार अर्धेच उघडले. “कंपनीने बाई पाठवली होय, गोड बोलायला?”

“मार्केटिंगची प्रमुख मीच आहे.”

“मग आधी वास घ्या. नाक आहे ना?”

योगिनीने बरणीत तोंड घालून वास घेतला. डोळ्यांत पाणी आले, ठसका लागला. “रंगाचाच आहे,” ती म्हणाली. “चूक आमची. मला वेळेवर विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही.”

कांचनबाईंनी बरणीचे झाकण लावले. त्यांना भांडायचे होते, आणि समोर भांडणच उरले नव्हते. मग त्यांनी नेमके बोट ठेवले. “माझं ठीक आहे. पण ज्यांनी घेतलंय आणि ज्यांचं नाक सर्दीने बंद आहे, त्यांचं काय?”

योगिनी ‘बघतो आम्ही’ म्हणणार, तोच पर्स पुन्हा थरथरली. शेठ. मी तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली, मी फोन दिला. शेठचा आवाज आम्हा तिघींना ऐकू येत होता.

“तुमचा तो धवल! स्टेजवरून सगळ्यांना सांगून बसला, की त्या लॉटमध्ये दोष आहे, सगळा माल परत पाठवा. निम्म्या ऑर्डरी थांबल्या. कोणाला विचारून केलं त्याने?”

योगिनी भिंतीला टेकली. ती स्वतः स्टेजवर असती तर हे बोलली नसती, हे मी शपथेवर सांगते. ‘त्याने माझं ऐकलं नाही’ एवढे म्हटले असते तर खुर्ची वाचली असती.

“मला विचारायचं नाही असं मीच त्याला सांगितलं होतं, शेठ. त्याने ठरवलं ते मीच ठरवलं असं धरा.”

“मग उद्या तुमचंही ठरवू,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कांचनबाईंनी दार पूर्ण उघडले. “बसा. चहाला साखर किती?”

जिना उतरल्यावर तिने धवलला फोन केला. “बेन, मी चुकलो का?”

“मला माहीत नाही. मी असते तर बोलले नसते. पण बरं झालं, मी नव्हते.”

दुसऱ्या दिवशी शेठने हंगामाचे तिचे निम्मे काम पुतण्याला दिले. योगिनीची खुर्ची राहिली. माल परत आला, आणि थांबलेल्या डीलरांपैकी बऱ्याच जणांनी नवा लॉट मागवला, सगळ्यांनी नाही.

परवा ती बसून जेवत होती. फोन वाजला. प्राचीने मेसेजवर विचारले होते, नव्या पिशव्यांचा बंद कोणत्या रंगाचा. योगिनीने ‘ला’ लिहिले, पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. मग फोन पालथा घालून म्हणाली, “मावशी, वरण वाढा.”