शालनबाई, बापूराव आणि पोस्टातली दोन खाती

दुसऱ्यांची बचत सांभाळणाऱ्याजवळ पैसा साठत नाही, किस्से साठतात. शिक्षकी संपल्यावर, नव्वदच्या दशकात, मी कर्जतला पोस्टाच्या बचत योजनांचा एजंट झालो. मला पेन्शन होते. ज्यांना ते कधीच मिळणार नव्हते, त्यांच्यासाठी पीपीएफचे खाते होते. त्यांपैकी फोटो स्टुडिओवाले बापूराव आणि त्यांची पत्नी शालनबाई एवढेच आज पुरेत.

बापूरावांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. हात थरथरू लागले तरी ते शिडीवर चढत. उतरून खाणार काय? ती वेळ आपल्यावर नको, म्हणून बापूरावांनी खाते काढले. लग्नसराई चांगली झाली की वर्षाची मर्यादा भरूनही पैसे उरत. मी म्हणालो, "शालनबाईंचेही खाते काढा. त्यांची मर्यादा वेगळी."

"ती कुठं कमावती, गुरुजी?"

डार्करूमच्या पडद्याआडून आवाज आला, "मग उद्यापास्नं फोटो तुमीच धुवा."

दुसऱ्या दिवशी खाते निघाले.

*

वारसदार म्हणून दोघांनी एकमेकांची नावे दिली. पोस्टाच्या खिडकीशी बापूराव अडले. "मी गेलो तर हिला, ही गेली तर मला. आन् दोघं संगंच गेलो तर?"

शालनबाई म्हणाल्या, "संगं कशाला? तुमी व्हा पुढं. माजं अल्बमचं काम ऱ्हायलंय."

*

पाच तारखेच्या आत भरले, तर त्या महिन्याचे व्याज मिळते, एवढे मी शालनबाईंना सांगितले. त्या दर महिन्याला तोपर्यंत गिऱ्हाइकांकडून अल्बमचे पैसे वसूल करीत आणि पोस्ट गाठीत. शेजारणीने विचारले, "पाच तारखेचं कंचं व्रत गं?"

"म्हातारपणाचं."

*

बापूराव मात्र वर्षाचे पैसे एकदम, पाडव्यालाच भरीत. तोवर ती रक्कम देव्हाऱ्यात असे. शुभ मुहूर्ताला माझा विरोध नव्हता. पण एकदा पाडवा एप्रिलात आला. आधीचा पाडवा मार्चमधला. त्यामुळे मधल्या आर्थिक वर्षात त्यांच्या खात्यावर एक पैसाही पडला नव्हता. एकतीस मार्च उलटला की खाते बंद पडणार, आणि बुडालेल्या वर्षाची मर्यादा पुन्हा मिळत नाही.

मी तीनदा समजावले. बापूराव म्हणाले, "देवाम्होरं ठिवलेलं पाडव्याआधी उचलायचं न्हाई, गुरुजी. बापाची शपथ हाय."

जो माणूस शिडीवरून उतरू शकला नाही, त्याचीच शपथ.  शालनबाई अल्बमात फोटो चिकटवीत ऐकत होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एकतीस मार्चला सकाळी त्यांच्या घरी गेलो. दारात गुढी उभी होती. जरीचे वस्त्र, कडुलिंब, साखरेची गाठी, वर तांब्याचा गडू. काही उणे नव्हते. नवी टोपी घातलेले बापूराव खिशातली रक्कम चाचपत उंबऱ्यात उभे होते.

शेजारीण म्हणाली, "शालन, अगं पाडवा अजून लांब हाय."

शालनबाईंनी हळद-कुंकू वाहिले. "आपला लांब हाय. पोस्टाचा आजच हाय."

मी चपला काढल्या आणि गुढीला नमस्कार केला.